तळाची खरवड

डोमाजीने तोंड मिटलं की मिटलं. पहिला चमचा तो घ्यायचा, सावकाश गिळायचा, आणि दुसरा चमचा दिसला की ओठ आवळून मान भिंतीकडे वळवायचा. मग बायको सुंदरा हात जोडो की लेक चंचल रागावो, काही उपयोग नसे. दवाखान्यातून घरी आणल्याला आज अकरावा दिवस होता आणि या अकरा दिवसांत त्याच्या पोटात गेलं ते तान्ह्या पोरालाही पुरलं नसतं.

लकव्याने त्याची उजवी बाजू नेली होती, आणि वाचाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात पंचवीस दिवस नाकात नळी होती. नळी काढली तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चमच्याने पाणी पाजलं, गळ्यावर बोटं ठेवून तपासलं आणि म्हणाल्या, "गिळता येतंय त्यांना. मऊ, बिनकाट्याचं, थोडं थोडं भरवा. तेरा तारखेच्या सोमवारी आणा, वजन बघू. घसरत राहिलं तर मात्र नळी परत घालावी लागेल." नळीचं नाव निघताच डोमाजीच्या डोळ्यांतून पाणी गळलं होतं. सुंदराने ते पाहिलं होतं. याला नळी नको आणि हा जेवतही नाही, याचा मेळ तिला लागत नव्हता. आज शनिवार होता. सोमवार परवावर आला होता.

गावात सल्ल्याला तोटा नसतो. कुणी म्हणे साबुदाण्याची पेज द्या, कुणी म्हणे केळझरच्या गणपतीला नवस बोला, एकीने तर डोमाजीच्या उशाशी बसूनच सांगितलं, "सुटला म्हणजे बरं." सुंदराने तिला चहासुद्धा विचारला नाही. ज्याच्या घरी माणूस खाटेवर पडलेला असतो त्याला असल्या शहाणपणाचा वीट येतो, आणि तो यायलाच पाहिजे.

तिने सगळं करून पाहिलं होतं. मुगाचं वरण, दूधभात, रव्याची खीर, सगळ्याचा एक चमचा आत जाई आणि बाकीचं वाटीत थिजून जाई. चंचल, तिची मोठी लेक, देवळीच्या सासरहून पंधरा दिवसांसाठी येऊन राहिली होती. आदेश, धाकटा, वर्ध्याला एका दुकानात कामाला होता, तो दर दोन दिवसांनी गाडीवर येऊन जाई. बापाच्या आधी घास घ्यायचा कुणालाच धीर होत नसे. आधी डोमाजीला भरवायचं, तो भिंतीकडे वळला की भांडी उचलायची, आणि मग तिघांनी मागच्या पडवीत, त्याच्या नजरेआड, चोरासारखं दोन घास पोटात ढकलायचे, असं चाललं होतं.

सुंदरा पुलगावच्या बाजारात बसणारी मासळीवाली. गाव वर्धा नदीच्या काठी, पुलगावहून दीड कोसावर. डोमाजीने नदीत जाळं टाकायचं आणि सुंदराने बाजारात टोपलं मांडायचं, ही वाटणी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात पडली ती अडतीस वर्षं तशीच राहिली. तोंडाची ती खमकी. लष्करी डेपोच्या क्वार्टरांतून येणारी गिऱ्हाइकं हिंदीत घासाघीस करत, तर ही त्यांना हिंदीतच असं काही सुनावी की माणूस हसत हसत दोन मासे जास्त घेऊन जाई. पण ती कितीही बोलली तरी आठवड्यातून एखादे दिवशी टोपल्यात काही उरायचंच. तेव्हा बर्फ नव्हता. संध्याकाळी उरलेला मासा सकाळपर्यंत टिकत नसे, आणि दिवसभर उन्हात हाताळून मऊ पडलेला मासा नुसता रश्श्यात टाकला तर भुगा होई.

त्या उरलेल्या मासोळीचं काय करायचं, हे सुंदराला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिनेच बसवलं. मासे हळद-मीठ लावून उकडायचे, ते पाणी बाजूला ठेवायचं, आणि मग परातीत एकेक मासा बोटांनी निवडून काटा वेगळा करायचा. रोहूचा काटा केसासारखा बारीक. पण परातीवर बोट दाबून फिरवलं की तो खरखरतो, मग डोळ्यांचं काम उरत नाही. नंतर गंज, म्हणजे उभं पातेलं, घ्यायचा, जाड बुडाचा, जर्मनचा. तळाला जवसाचं तेल, त्यावर शिजवलेल्या ज्वारीच्या कण्यांचा थर, त्यावर मासोळी, लसूण-मिरचीचा ठेचा, उकडलेली आंबट अंबाडी, पुन्हा कण्या, पुन्हा मासोळी. वरून माशाचं पाणी. झाकण ठेवून त्याच्या कडेने कणीक लिंपायची, खाली निखारे, झाकणावर निखारे, आणि तासभर हात लावायचा नाही.

कणीक लिंपायची ती काही चवीसाठी नव्हती. मासे मारणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत टोपलं भरलेलं परत आलं, हे शेजाऱ्याला कळलेलं कुणाला आवडतं? सांजेला घरात मासोळी शिजल्याचा वास आला की समोरची बाई दारातूनच विचारी, "काय वं, आज विकली नाई वाटते?" तो वास बाहेर जाऊ नये म्हणून सुंदराने गंजाचं तोंड बंद केलं. तोंड बंद केल्यामुळे आतली वाफ आतच मुरली आणि जे निघालं त्याला घरात कुणी वेगळं नाव ठेवलंच नाही, त्याला सगळे नुसतं 'गंज' म्हणत. ती बाजारातून टोपलं घेऊन दिसली की चंचल आणि आदेश धावत येत, "माय, उरली का वं आज? गंज हाय का?" तिचं नुकसान झालेल्या दिवशी पोरांची दिवाळी असे. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू घेऊन तिने कितीतरी वेळा चूल पेटवली असेल.

आणि त्या गंजाला डोमाजी शिवत नसे.

पोरं जेवत, म्हातारी सासू जेवे, सुंदरा जेवे. डोमाजी कोपऱ्यात बसून भाकर आणि मिरचीचा ठेचा खाई. तिने वाढायला हात पुढे केला की म्हणे, "मले नको. ढिवर माणूस काय उरलेली मासोळी खाते?" म्हणताना हसे, पण ताट मागे ओढे. वरून दुसऱ्या दिवशी पहाटे नदीवर जाताना तो रिकामा गंज उचलून घेऊन जाई आणि घासून लख्ख करून आणी. स्वतःचं ताट कधी न उचललेला हा माणूस! सुंदराने एकदा विचारलंच, "गंज काऊन नेता तुमी? मी घासतो ना." तर म्हणाला, "वास राह्यते घरात."

हे वाक्य सुंदराच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. तिला वाटलं, आपण टोपलं विकू शकलो नाही म्हणून हा बोलत तर नाही, पण आपण रांधलेलं तोंडात घेत नाही आणि त्याचा वाससुद्धा याला घरात सहन होत नाही. ती भांडली नाही. पण तीस वर्षांत तिने त्याला गंज पुन्हा कधी विचारला नाही. मग बाजारात बर्फ आला, थर्माकोलची पेटी आली, उरलेला मासा दुसऱ्या दिवशी विकता येऊ लागला, आणि गंज घरातून गेला. गेल्या बारा वर्षांत तो एकदाही चुलीवर चढला नव्हता. पोरांना वाईट वाटलं. सुंदराला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं झालं.

शनिवारी दुपारी रूपराव आला. रूपराव म्हणजे डोमाजीचा डोंग्यातला जोडीदार. चाळीस वर्षं दोघांनी एकाच डोंग्यातून जाळं टाकलं. तो खाटेजवळ बसला, डोमाजीचा डावा हात हातात घेऊन नदीच्या पाण्याचं, कुणाच्या जाळ्यात काय लागलं त्याचं सांगत राहिला. मग पडवीत येऊन तोंडावर हात फिरवत म्हणाला, "पार वाळला वं वयनी. काई खाते का नाई?"

सुंदराचा बांध तिथे फुटला. "काय खाते, रूपरावभाऊ? मायाच हातचं याहिले कधी गोड लागलं? सारी जिंदगी गंजाले शिवले नाई. वास येते म्हने. आता तर सारंच नको झालं."

रूपराव खाली बसला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कोन म्हन्ते शिवला नाई?"

"मी डोळ्यानं पाह्यलं ना."

"तुमी घरचं पाह्यलं वयनी. मी नदीवरचं पाह्यलं." रूपराव हळूहळू सांगू लागला. "थो गंज कायले आने माहीत हाय? तळाची खरवड खाले. डोंग्यात बसला का जाळ्याआधी गंज काढे. एक शिंपलं ठेवलं होतं त्यानं, डोंग्याच्या फळीत खोसून. त्यानं खरडे, जरासं पाणी टाके, अन् भाकरीसंग खाये. डोळे मिटून खाये. अवढा दोस्त मी, पन कधी एक घास नाई देल्ला मले."

सुंदरा त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"मी एक डाव म्हनलं, काऊन बे, घरी वाढून नाई देत का बायको? तं म्हने, एका गंजात पाच जन बसलो तं कोनाचंच पोट भरत नाई. पोट्टे पोटभर जेवले का गंजाचा तळ दिसते. तळ दिसला का मले समजते, आज पोट्टे जेवले. मंग माह्यं जेवन." रूपरावने मांडीवरची टोपी चाचपली. "अन् म्हने, सुंदराले सांगजो नको. थे मायासाठी आधीच वाढून ठेवीन, अन् मंग पोट्ट्याइले कमी पडीन. म्हून नाई सांगतलं मी. आता त्याची वाचाच गेली, आता कोनाची शपथ पाळू?"

सुंदरा पदर तोंडाशी धरून बसून राहिली. तीस वर्षं तिने ज्या माणसाचा मनातल्या मनात राग धरला तो गंज झाला की दुसऱ्या पहाटे तिच्याच गंजाचा तळ चाटत होता. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, त्याचा आणि स्वतःचाही. एवढी बाजारात गिऱ्हाइकाचं मन चेहऱ्यावरून ओळखणारी बाई, आणि घरातलं माणूस तिला वाचता आलं नाही.

"रूपरावभाऊ," ती उठून म्हणाली, "उद्या सकाळी जाळ्यातली मासोळी मले द्या. अन् थे शिंपलं असन तं थेही द्या."

रविवारी ती बाजारात बसली. डोमाजी आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच. नेमकी त्या दिवशी मासोळी अशी खपली की जणू सगळ्या पुलगावात पाहुणे आले होते. बाराच्या सुमाराला टोपल्यात तीन रोहू उरले. डेपोतला एक जवान, नेहमीचा, धावतपळत आला. "मौसी, ये तीनों दे दो."

"नहीं भैया," सुंदरा म्हणाली, "ये बचे हुए हैं."

तो बिचारा नोटा हातात धरून उभा. "बचे हुए हैं तो मैं ले रहा हूँ ना!"

"बचे हुए घर के होते हैं," असं म्हणून तिने टोपल्यावर ओलं फडकं टाकलं आणि उठली. अडतीस वर्षांत गिऱ्हाईक परत पाठवण्याची ही तिची पहिलीच वेळ होती.

चंचलला तिने काही सांगितलं नाही, आणि आदेश वर्ध्याहून आला त्यालाही नाही. नुसतं "गंज करतो" म्हणाली. लेकीचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "माय, काटा राह्यला तं? डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं?"

"मी हाय ना."

परातीवर तिची बोटं फिरू लागली. एकदा निवडून झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले आणि मासोळीचा कणन् कण बोटांखालून जाऊ दिला. गळ्यात काटा अडकला तर नळीपर्यंतही वेळ येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. मध्येच ती थांबली, पाणी प्याली, आणि परत सुरुवात केली. ज्वारीच्या कण्या मऊ झाल्या होत्या. अंबाडी चंचलने निवडून दिली. ठेच्यात मिरची तिने नावालाच घातली. कणीक लिंपताना आदेश म्हणाला, "आता कायले लिंपतं माय? आता कोन विचारते?" ती लिंपत राहिली.

संध्याकाळी झाकण निघालं तेव्हा वाफेबरोबर तो जुना वास घरभर पसरला आणि आदेश, तीस वर्षांचा बाप्या, चुलीपाशी येऊन लहान पोरासारखा उकिडवा बसला. सुंदराने वरचा मऊ भाग वाटीत घेतला, चमच्याने कुस्करला, गंज तसाच उचलून खाटेजवळ आणला आणि डोमाजीच्या तोंडाशी चमचा नेला.

डोमाजीने पहिला घास घेतला. त्याच्या गालावरचे स्नायू हलले. त्याने तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं. तिने दुसरा चमचा पुढे केला.

त्याने ओठ आवळले.

"घ्या ना जी," ती म्हणाली. "गंज हाय. रूपरावभाऊनं सारं सांगतलं मले. घ्या."

नाही. चंचल तोंड फिरवून रडू लागली. सुंदरा चमचा धरून तशीच बसली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आज डोमाजीने मान भिंतीकडे वळवली नव्हती. तो गंजाकडे बघत होता. काठोकाठ भरलेल्या गंजाकडे. मग आदेशकडे, मग चंचलकडे, आणि पुन्हा गंजाकडे.

अकरा दिवस त्याने एकदाही आपल्या पोरांना जेवताना पाहिलं नव्हतं. सगळे त्याला आधी भरवत होते, आणि स्वतः पडवीत लपून खात होते. आजाऱ्याचा मान म्हणून, त्याला वाईट वाटू नये म्हणून. आणि हा माणूस, ज्याने उभ्या जन्मात पोरांच्या आधी घास घेतला नाही, त्याला वाटत असणार की भरलेल्या भांड्यातलं पहिलं अन्न आपल्यावर खर्च होतं आहे, आणि घर उपाशी आहे.

सुंदराने चमचा खाली ठेवला. "चंचल, ताटं आन."

"कोनाले?"

"आपल्याले. इथंच. खाटेपाशी."

"बाबा जेवले नाई अन् आपन कायचं जेवाव माय?" आदेश म्हणाला.

"बस म्हनलं ना."

ते तिघं खाटेसमोर जमिनीवर बसले. सुंदराने तिघांची ताटं भरून वाढली. आदेशच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि तो ते कण्यांसकट खात होता. पण बारा वर्षांनी तोंडात आलेला गंज होता तो. हळूहळू हात चालू लागले. चंचलने परत घेतलं. आदेशने दोनदा घेतलं. झाकणाच्या कडेची भाजलेली कणीक दोघांनी लहानपणासारखी ओढाताण करून खाल्ली. डोमाजी उशीवर मान कलती करून बघत होता, आधी याच्या ताटात, मग तिच्या.

गंजाचा तळ दिसला.

सुंदराने कंबरेच्या पिशवीतून शिंपलं काढलं. कडा झिजून गुळगुळीत झालेलं, पंजाएवढं. तिने ते गंजाच्या तळावर ओढलं आणि तो खर्र असा आवाज झाला, तशी डोमाजीच्या घशातून एक अस्पष्ट हुंकार निघाला. तिने तांबूस खरवड खरडून वाटीत घेतली, बाजूला ठेवलेलं माशाचं ऊन पाणी त्यावर ओतलं, पार मेणासारखी मऊ होईपर्यंत कुस्करली, बोटांनी पुन्हा एकदा चाचपली.

"पोट्टे जेवले," ती म्हणाली. "मीही जेवलो. आता हे तुमचं."

डोमाजीने तोंड उघडलं. एक घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्याने डोळे मिटून घेतले, रूपराव म्हणाला होता तसेच. चंचल त्याच्या गळ्याकडे बघत होती. वाटी रिकामी झाली. सुंदराने परत खरडलं, परत भिजवलं, आणि दुसरी वाटीही रिकामी झाली.

चंचल गंज उचलायला वाकली तर तो हलेना. डोमाजीने डाव्या हाताने त्याची कड धरली होती. बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट धरली होती.

"बाबा, सोडा ना. घासाचा हाय."

त्याने सोडला नाही. चंचलने आईकडे पाहिलं. सुंदरा पदराने त्याचं तोंड पुसत होती, उजव्या कोपऱ्यातून ओघळलेलं माशाचं पाणी आणि डोळ्यांचं पाणी एकाच पदराने.

"राहू दे वं त्याहिच्यापाशी," ती म्हणाली. "सकाळी नदीवर नेतीन ते."